भांड्याखालची पट्टी

माउंट नीबो मंडळीच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या
एकवीस वर्षं माझ्याकडे आहेत.
वर पाळक काय बोलतात ते मला
जिन्यातून अर्धंमुर्धं ऐकू येतं;
कुणाच्या भांड्याचा कान तुटलाय, ते मात्र पक्कं ठाऊक.

आमच्याकडे माणूस गेलं की आधी फोन वाजतो,
मग ओव्हन पेटतात.
कोंबडी-भात, चीज घातलेली मॅकरोनी, रताळ्याचा पाय,
आणि प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला
पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव:
ओझेला. मिसेस टारव्हर. लुव्हीनिया, झाकण वेगळं आहे.
दुःखाच्या घरात कुणाला विचारत बसायचं,
हे कुणाचं, ते कुणाचं?

पंधरा दिवसांनी मी आणि डीकन लेम्युएल
चर्चच्या व्हॅनमधून भांडी गोळा करत फिरतो.
तीच व्हॅन मंगळवारी-शनिवारी
चाळीस मैलांवर डायलिसिसला माणसं नेते.
हीटर चालत नाही, म्हणून मागे गोधड्या.
पाळकांची भाची कॉलेजातून आली होती, म्हणाली,
याला आउटरीच म्हणतात.
असेल.
आम्ही भांडी आणायला जातो म्हणतो.
दारात उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं माणसाला.

रॉयस मेब्रीकडचं भांडं आठ महिने आलं नाही.
ओढ्यापलीकडे राहतो. तीस वर्षांपूर्वी
गालिचा लाल घ्यायचा की निळा, त्या बैठकीतून
उठून गेला तो गेलाच.
लाल घेतला. आता फाटून खालची फरशी दिसते.
बायको, आयला, येत राहिली, मागच्या बाकावर,
आणि हा बाहेर ट्रकमध्ये
उपासना संपायची वाट बघत, इंजिन चालू ठेवून.
तिला माती दिली त्या दिवशी
आम्ही सात भांडी पाठवली. सहा परत आली.

नोव्हेंबरात मी एकटीच गेले.
भांडं खिडकीत होतं, घासून लखलखीत, पालथं.
म्हणाला, ‘‘खाली ओडेसाचं नाव आहे.
ओडेसा तर ईस्टरलाच गेली.
परत कुणाला करू?’’
एकवीस वर्षं मी भांडी मोजतेय,
हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.
म्हटलं, ‘‘राहू दे तुमच्याकडे.’’
‘‘रिकामं?’’
मी काही बोलले नाही. व्हॅन सुरू होईना,
त्यानेच बॉनेट उघडून खटपट केली.
प्रार्थनेचा विषय मी काढला नाही.
त्यानेही नाही.

फेब्रुवारीत लाकूडगिरणीतल्या
एका ग्वाटेमालाच्या कुटुंबाचं घर जळालं.
पाच माणसं आमच्या रविवारशाळेच्या खोलीत झोपली.
बाप्तिस्म्याच्या हौदाच्या काठावर
पोरांचे मोजे वाळत होते.
पाळकांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दाराने गेले.
त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना;
मिसेस टारव्हर तेच वाक्य
आणखी मोठ्याने बोलून बघत होत्या.

टेबलावर चौदा भांडी येणार होती.
मी मोजली: पंधरा.
डुकराच्या हाडासोबत शिजवलेली चवळी,
मीठ जास्त, तळाला करपलेली.
ती बाई दोनदा घेऊन जेवली.
बाहेर एक इंजिन बराच वेळ चालू होतं.
मी हात पुसून वर जाईपर्यंत
रस्त्यावर नुसता धूर.

रात्री घासताना भांडं उलटं केलं.
ओडेसाची पट्टी तशीच, कडा पिवळ्या,
आणि तिच्या खाली नवी, वाकड्या अक्षरांत:
मेब्री.

करपलेलं निघायला अर्धा तास लागला.
पट्ट्यांना पाणी लागू नये म्हणून
एका हातात तिरकं धरून घासलं.
मग फडताळात वेगळं ठेवलं.
ओढ्यापलीकडे न्यायचं आहे.
त्यात काय घालायचं, ते अजून ठरत नाही.